एकशे त्रेचाळीस नग

चौकातला सिग्नल हिरवा झाला आणि थोरल्याने विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

ट्रकच्या केबिनमध्ये स्टिअरिंगवरच्या थोरल्यासकट चौघं दाटीवाटीने बसली होती आणि बाकीच्या तिघांनाही वाटलं, प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी आहे. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली.

"वहीत बघ," खिडकीशी बसलेले त्याचे वडील, दादा, म्हणाले.

आत्याने मांडीवरची ऑर्डरवही उघडली. दादांची ही धाकटी बहीण गेली अडतीस वर्षं फर्मची वही सांभाळत होती. कोणाचं घर कुठून उचलायचं, कुठे न्यायचं, माणसं किती, खोल्या किती, नग किती, सगळं तिच्या ठसठशीत अक्षरात. आजच्या पानावरही सगळं होतं. फक्त 'पोहोचवायचा पत्ता' या रकान्यात पेन्सिलने एकच शब्द होता: नंतर.

"नंतर म्हणजे कधी?"

"तुमचं ठरल्यावर."

"म्हणजे ठरलं नाही?"

"मला काय विचारतोस दादा? ठरवणार तुम्ही होतात."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं, थोरलीने सासऱ्यांकडे, सासऱ्यांनी समोरच्या काचेकडे. तोवर सिग्नल पुन्हा लाल झाला.

आता ही गोष्ट बाहेर कोणाला सांगितली तर तो हसून लोळेल, पण घडलं ते असं. लोकांची घरं हलवण्यात ज्यांची हयात गेली, त्या मंडळींवर स्वतःचं घर हलवायची पाळी आली होती. अंगण, गाड्यांची शेड आणि वरचं घर, सगळं नव्या पुलाखाली जाणार होतं. नोटीस येऊन सहा महिने झाले होते आणि सहा महिने रोज जेवताना वाद चालले होते. थोरल्याला उतारावरची वसाहत हवी होती, कारण तिथे हवा चांगली. धाकट्याला पाण्याच्या टाकीमागची हवी होती, म्हणजे खरं तर धाकटीला हवी होती. तिचं चष्म्याचं दुकान तिथून चालत पाच मिनिटांवर. दादा कालव्याकाठी अडून बसले होते आणि कारण विचारलं की "मला माहीत आहे" एवढंच सांगत. शेवटी कंटाळून दलालाने तिन्ही ठिकाणच्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या एकाच कडीत अडकवून हातात दिल्या आणि बजावलं, की शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला दोन किल्ल्या परत हव्यात.

तो शेवटचा दिवस आज उजाडला. सकाळी सातला पुलाची माणसं मोजणीची फीत घेऊन अंगणात आली आणि मग दादांच्या घरात कोणाचं डोकं चाललंच नाही, फक्त हात चालले. खोकी उघडली, गोधड्या अंथरल्या, दोर आवळले. नऊच्या आत एकशे त्रेचाळीस नग ट्रकमध्ये चढले. दादांनी फळीवर दोन थापा मारल्या, "चला" म्हणाले आणि ट्रक निघाला. रोज असाच निघायचा. रोज पत्ता गिऱ्हाईक द्यायचं, एवढाच काय तो फरक.

"मी डावीकडे घेतो," थोरला म्हणाला. "नुसतं बघून येऊ."

"नुसतं बघायला कपाट घेऊन जातात होय?" दादा पुटपुटले, पण ट्रक वळला होता. मागून स्कूटरवर येणाऱ्या धाकट्याने आणि धाकटीने भोंगा वाजवून निषेध नोंदवला आणि तेही वळले.

*

उतारावरची वसाहत नावाप्रमाणेच होती. घरं एकावर एक पायऱ्यांसारखी रचलेली, आणि रस्ता असा की चेंडू सुटला तर थेट मुख्य रस्त्यावरच सापडावा. थोरल्याने चाकाखाली दगड लावले. ट्रकची मागची फळी खाली पडली.

इथेच चूक झाली. त्या कुटुंबाची गंमत अशी, की फळी पडल्याचा आवाज आला की हात आपोआप सामानाला लागत. 'नुसतं बघू' हे थोरला स्वतःच विसरला. धाकट्याने स्कूटर उभी केली आणि खांद्यावर गोधडी टाकून तोही रांगेत लागला.

सगळ्यात आधी उतरली आत्याची खुर्ची. हा दादांचा नियम होता: घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची खुर्ची शेवटी चढवायची, म्हणजे ती पहिली उतरते आणि बाकीचा पसारा आत जाईपर्यंत त्या माणसाला टेकायला जागा होते. या एका नियमावर दादांना शहरभरातल्या म्हाताऱ्यांचे आशीर्वाद मिळाले होते. दादा स्वतः ओझी उचलणारे, त्यामुळे घरात बसणारं वडीलधारं माणूस म्हणजे आत्याच. तिची हातांची लाकडी खुर्ची फुटपाथवर आली आणि आत्या वही घेऊन बसली. बसल्याबसल्या ती खुर्चीसकट अर्धा फूट खाली सरकली. तिने दोन्ही पाय रोवले आणि नगांवर खुणा करायला लागली.

चाळीसएक नग वर गेल्यावर तिला वाटलं, आपणही घर बघून यावं. घर चांगलं होतं. भिंती स्वच्छ, खिडक्या मोठ्या, तीन खोल्या, स्वयंपाकघर. तीन दारांवर थोरलीने तीन रंगांच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या: लाल म्हणजे थोरले, निळी म्हणजे धाकटे, हिरवी म्हणजे दादा. स्वयंपाकघराला पिवळी. ज्या रंगाची चिठ्ठी खोक्यावर, त्या रंगाच्या दारात खोकं. चिठ्ठ्या काल आत्यानेच कापल्या होत्या. चार रंगांच्या.

धाकटा खांद्यावर तिची ट्रंक घेऊन जिना चढत होता.

"ही कुठे ठेवणार?" आत्याने विचारलं.

धाकट्याने ट्रंक फिरवून चारी बाजूंनी बघितली. "हिला चिठ्ठी नाही," तो म्हणाला. "चिठ्ठी नाही म्हणजे गोडाऊन." आणि ज्या सहजतेने चढला होता त्याच सहजतेने तो ट्रंक घेऊन खाली उतरला. त्याच्या मनात काही नव्हतं. चिठ्ठी नसलेला नग गोडाऊनला जातो, हे त्याला लहानपणी आत्यानेच शिकवलं होतं.

आत्या तिन्ही खोल्यांमधून फिरून आली. मग ती जिन्याच्या कठड्याला टेकली आणि तिने वही उघडली. आजचं पान. खोल्या: तीन. त्याच्या वर, माणसं: पाच.

तिने बोटांवर मोजलं. दादा, थोरला, थोरली, धाकटा, धाकटी. बरोबर पाच. अक्षर तिचंच होतं. दलालाला घरं शोधायला दिली तेव्हा हेच पान फोनवर तिनेच वाचून दाखवलं होतं. जुन्या घरात ती ऑफिसच्या काउंटरमागे खाटेवर झोपायची. दिवसा काउंटर, रात्री काउंटर. अडतीस वर्षं ती लोकांना विचारत आली होती, की घरात माणसं किती, आणि उत्तर लिहिताना विचारणाऱ्याला कोणी मोजत नाही. तिने स्वतःच स्वतःला मोजलं नव्हतं, तर दुसऱ्याच्या नावाने खडे कसे फोडायचे?

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. पण 'मला विसरलात' म्हणावं तर विसरणारी पहिली तीच, आणि 'मला खोली द्या' म्हणून हात पसरणं तिला या जन्मात जमणार नव्हतं. फर्मच्या नव्या गोडाऊनला पहारेकऱ्याची एक खोली होती. शहराबाहेर, वळणरस्त्यावर. मागच्याच महिन्यात तिने ती यादीत लिहिली होती: खिडकी नाही, दिवा एक.

ती खाली आली, खुर्चीत बसली, पाय रोवले आणि मोठ्याने म्हणाली, "या गल्लीतून आपण तीन वर्षांत अकरा घरं हलवलीत."

दादांच्या हातात गादीचं एक टोक होतं. ते जागीच थांबले. "किती?"

"अकरा. सगळी बाहेर. आत आलेली दोनच, आणि त्यातलं एक परत गेलं."

"लोकांच्या बदल्या होतात, आत्या," गादीच्या दुसऱ्या टोकाकडून थोरला म्हणाला.

"असतील. कारणाचा रकाना आपल्या फॉर्मात नाही."

"अकरा घरं उगाच जात नाहीत," दादांनी निकाल दिला. "काही तरी आहे इथे."

"काय असणार आहे, दादा? भुतं?" थोरली कंबरेवर हात ठेवून पुढे आली. "हवा बघा केवढी आहे!"

नेमकी तेव्हाच हवा आली, आणि धाकटीच्या हातातली लँपशेड उडून उताराने घरंगळत निघाली. धाकटा तिच्यामागे धावला. तो परत आला तो दहा मिनिटांनी, धापा टाकत, स्कूटर न नेल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घालत.

"रोज दूध आणायला असंच जायचं का मी?" त्याने वहिनीला विचारलं.

थोरलीने तोंड फिरवलं. चाळीस नग पुन्हा ट्रकमध्ये चढले. शेवटी आत्याची खुर्ची.

*

उतार गेला तसे पक्षही बदलले. सकाळपर्यंत कालव्याचं नाव ऐकून नाक मुरडणारी थोरली आता कालव्याच्या बाजूने झाली, कारण आपलं जमलं नाही तर जावेचं तरी का जमावं? थोरला बायकोच्या बाजूने आला. दोन विरुद्ध तीन. धाकटी स्कूटरवर मागे बसून वाटभर गाल फुगवून होती.

कालव्याकाठचा रस्ता सपाट आणि अरुंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तीन मजली इमारती, खाली दुकानं. फळी पडली. खुर्ची उतरली. आत्या एका किराणा दुकानाशेजारी बसली, आणि तिच्याभोवती स्टूल, आरसा आणि दोन दिवे मांडले गेल्यावर एक गृहस्थ थांबून विचारायला लागले, "ही खुर्ची विकायची आहे का?"

"नाही."

"आणि आरसा?"

"आम्ही राहायला आलोय हो!" आत्या म्हणाली. बोलून गेली आणि जीभ चावली. राहायला बाकीचे आले होते.

दुकानातली किराणावाली पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. तिने आत्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खुर्चीला, मग आकाशाला.

"उद्यापासून इथेच बसणार असाल तर खुर्ची जरा डावीकडे, सावलीच्या बाजूला घ्या," ती म्हणाली. "दुपारी ऊन तिकडून येतं. माझी आई तिथेच बसायची."

एवढंच बोलून ती आत गेली, कारण गल्ल्यापाशी कोणी तरी साबण मागत होतं. आत्या पेला हातात धरून बसून राहिली. उद्यापासून. दिवसभरात तिच्या उद्याचा विचार करणारं हे पहिलं माणूस, आणि त्या बाईला तिचं नावगावही माहीत नव्हतं. आत्याचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने तीन नगांवर खुणा केल्या, त्यातल्या दोन चुकीच्या.

मग तिने वर जाऊन घर पाहिलं. तीन खोल्या होत्याच, पण दलालाच्या भाषेत 'साडेतीन'. स्वयंपाकघरामागे एक अर्धी खोली, एक खाट आणि एक खुर्ची मावेल एवढी, आणि खिडकी थेट कालव्यावर. थोरली म्हणत होती, इथे रिकामी खोकी ठेवू. धाकटी म्हणत होती, इस्त्रीचं टेबल. रुसवा विसरून दोघी हिरिरीने भांडत होत्या, म्हणजे घर दोघींना पसंत होतं. आत्या उंबऱ्यावर उभी राहून खिडकीतून पाणी बघत होती. तिने ठरवलं, आज रात्री, सगळं लागल्यावर, आपण सहज खाट इथे टाकायची. कोणी विचारलं तर म्हणायचं, वही ठेवायला जागा हवी.

तेवढ्यात जिन्यात धडाम असा आवाज झाला.

कपाट अडकलं होतं.

या कपाटाबद्दल दादांशी कोणी वाद घालत नसे. चाळीस वर्षांपूर्वीच्या पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकाने ते दादांना देऊन टाकलं होतं, कारण त्याच्या नव्या घरात ते मावलं नाही. "फर्मचा पहिला नग," दादा सांगत. शिसवी, पुरुषभर उंच, पुढून पोट सुटलेलं. ट्रकमध्ये ते पहिलं चढे म्हणून उतरे शेवटी. आता ते पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर बसलं होतं. दादा वर होते, दोन्ही मुलगे खाली.

"वळवा," वरून दादा म्हणाले.

"वळत नाहीये."

"आडवं करा."

"आडवंच आहे, दादा."

"मग उभं करा!"

पाऊण तास ते उभं, आडवं आणि तिरपं झालं. मध्येच तिसऱ्या मजल्यावरचा एक माणूस कामाला निघाला. त्याला कपाटावरून पोटाने सरकत यावं लागलं. "लाकूड सुंदर आहे," खाली पोचल्यावर सदरा झटकत तो म्हणाला, आणि असा शेजारी मिळणार याचा आत्याला केवढा आनंद झाला. शेवटी दादांनी दोरीला गाठी मारून वळण मोजलं.

"चार बोटं कमी पडतात," ते म्हणाले. चेहरा पडला होता. कालवा त्यांचाच हट्ट होता.

"कपाट खालीच ठेवलं तर?" धाकट्याने विचारलं.

"कपाट नाही जात तिथे आपण जात नाही."

आत्याने तोंड उघडलं. त्या कपाटात होतं काय? तिच्याच अडतीस वर्षांच्या जुन्या वह्या. दुसऱ्या कोणी ते वर्षानुवर्षं उघडलंही नव्हतं. 'दादा, माझ्या वह्या मी खोक्यात ठेवीन,' एवढंच म्हणायचं होतं. पण दादा विचारणार, तुला एवढा काय कालव्याचा पुळका? आणि त्याचं खरं उत्तर त्या अर्ध्या खोलीत होतं. तिने तोंड मिटलं आणि कपाट वाटेतून निघाल्यावर मूग गिळून खाली उतरली.

एकशे त्रेचाळीस नग पुन्हा ट्रकमध्ये चढले. किराणावाली दारात उभी राहून बघत होती.

"काय झालं हो?"

"कपाट वळत नाही," आत्या म्हणाली.

"अरेरे," ती म्हणाली, आणि तिने पेला परत घेतला.

*

टाकीमागच्या वसाहतीत पोचेपर्यंत चार वाजले. पाण्याची टाकी इतकी मोठी, की तिच्या सावलीत अख्खी वसाहत दिवसभर गारेगार. जिना रुंद. एवढा रुंद, की दादांनी वर जाऊन खाली बघितलं आणि म्हणाले, "इथून ट्रकच वर येईल."

खुर्ची उतरली. आत्याजवळ शेवटचं एक अस्त्र होतं.

"इथून एकही घर आपण हलवलेलं नाही," ती म्हणाली. "अडतीस वर्षांत एकही नाही. इथे आलेला माणूस परत जात नाही."

एरवी दादांनी याच्यातही काही तरी शोधलं असतं. पण त्यांची कंबर गेली होती.

"बरंच आहे की मग," ते म्हणाले. "मला आता कुठे जायचंय?"

धाकटीने विजयी चेहऱ्याने दारांवर चिठ्ठ्या डकवल्या. थोरलीने हात टेकले. जावेचं जिंकणं परवडलं, पण पुन्हा ते जिने नकोत. खोकी भराभर चढली. लाल लालमध्ये, निळी निळ्यात, पिवळी पिवळ्यात. कपाट लोण्यातून सुरी जावी तसं वर गेलं आणि हिरव्या खोलीत जाऊन उभं राहिलं. आत्या एकेका नगावर खूण करत होती. शंभर. एकशे वीस. एकशे चाळीस. टाकीच्या सावलीत तिला थंडी वाजायला लागली होती, आणि मनातल्या मनात ती पहारेकऱ्याच्या खोलीत खाट कुठे टाकायची ते ठरवत होती. दाराजवळ. म्हणजे गाडी आली तर कळेल.

सव्वापाचला ट्रक रिकामा झाला. सगळे घामाघूम होऊन खाली आले, कारण कामाचा शेवट नेहमी ट्रकपाशीच होत असे. दादांनी सवयीने दोन्ही हात झटकले.

"सही," आत्या म्हणाली आणि तिने वही पुढे केली. 'सर्व सामान मिळाले. ग्राहकाची सही.'

"आज ग्राहक मीच की!" दादा हसले. पेन घेऊन ते सही करणार, तोच थोरला म्हणाला, "असं नाही दादा. नियम म्हणजे नियम. ते वाक्य म्हणा."

ते वाक्य दादांनी आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. सही करण्याआधी एकदा वळून बघा, काही राहिलं तर नाही ना. मग गिऱ्हाईक वळून बघे, काहीच राहिलेलं नसे आणि दादांची मान ताठ होई.

"एकदा वळून बघा," दादा नाटकीपणाने स्वतःलाच म्हणाले, "काही राहिलं तर नाही ना?" आणि हसत हसत वळले.

फुटपाथवर एक ट्रंक होती. तिच्यावर गुंडाळलेली वळकटी, शेजारी खुर्ची. आणि खुर्चीत त्यांची बहीण, वही पुढे करून बसलेली.

दादांचं हसू गेलं. "हे काय राहिलंय?"

"चिठ्ठी नाही त्याला," धाकटा म्हणाला.

"कोणाचं आहे?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने आपल्या हातातल्या उरलेल्या चिठ्ठ्यांकडे.

"माझं," आत्या म्हणाली.

"मग वर का नाही गेलं?"

"वर कुठे, दादा?"

यावर तोंड सगळ्यांनी एकदम उघडलं. थोरली म्हणाली, तिला वाटलं आत्या धाकट्यांकडे असतील. धाकटी म्हणाली, तिला वाटलं ताईंनी काही ठरवलं असेल. थोरला म्हणाला, "पण आत्या ऑफिसात राहते ना?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, हो, आत्या ऑफिसातच राहते.

"आणि ऑफिस कुठे आहे आता?" दादांनी विचारलं.

थोरल्याने रिकाम्या ट्रककडे पाहिलं. तिथे काउंटर नव्हतं.

"कोणाला काही बोलू नकोस," आत्या म्हणाली. आवाज तिला आवरत नव्हता. "मीच पाच लिहिलं. मीच दलालाला सांगितलं. सगळ्या शहराची माणसं मोजली मी, दादा, आणि आपल्याच घरात मला स्वतःला मोजायचं सुचलं नाही. मग तुम्हाला कसं सुचणार? मी गोडाऊनला जाईन. वाईट नाही वाटणार." मग ती म्हणाली, "वाटेल. खूप वाटेल. पण जाईन."

दादांनी वही तिच्या हातातून काढून घेतली. ते पान त्यांनी लांब धरून वाचलं, जवळ धरून वाचलं. मग फुटपाथवर, तिच्या ट्रंकेवरच बसले. चाळीस वर्षांत दादांनी फॉर्म भरलेला कोणी पाहिला नव्हता. अक्षर असं, की हिशेब लिहायला बसले तर बेडूक उड्या मारतायत असं वाटावं.

"माणसं किती?" त्यांनी विचारलं.

आत्याने वही परत घ्यायला हात पुढे केला.

"गिऱ्हाइकाने उत्तर द्यायचं असतं. माणसं किती?"

"सहा," ती म्हणाली.

त्यांनी पाचावर फुली मारून भलामोठा सहा काढला. "कुठे जायचं?"

"इथेच की आता. सगळं लागलंय."

"मी काय लागलंय ते नाही विचारलं. आज तीन ठिकाणी तू फुटपाथवर बसलीस. आम्ही जिने बघितले, वसाहत तू बघितलीस. तुला कुठे जायचं?"

"कालव्याकाठी," ती म्हणाली. "स्वयंपाकघरामागे अर्धी खोली आहे. मला पुरते."

"पण कपाट?" थोरला कळवळून म्हणाला. "दादा, कपाट नाही ना वळत तिथे!"

दादा उठले. कंबर धरून तो रुंद जिना चढले. थोड्या वेळाने खाली आले तेव्हा त्यांच्या बोटाला एक हिरवी चिठ्ठी चिकटलेली होती. ती त्यांनी ट्रंकेवर लावली आणि तळहाताने दाबली.

"कपाटाला चिठ्ठी नाही," ते म्हणाले. "चिठ्ठी नाही म्हणजे गोडाऊन."

"आणि बाकीचे एकशे बेचाळीस?" धाकट्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"चढवा."

धाकटीचं दुकान लांब पडणार होतं. ती क्षणभर टाकीकडे बघत राहिली. मग तिने बाह्या सरसावल्या. "ताई, पिवळी खोकी तुम्ही घ्या," ती म्हणाली, "मी दारांवरच्या चिठ्ठ्या काढते." थोरली तिच्यामागे जिना चढली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच दोघी एका बाजूच्या झाल्या.

कपाट सगळ्यात आधी चढलं, ते ट्रकमधूनच पुढे गोडाऊनला जाणार होतं. सहाला पाच कमी असताना धाकटा दोन किल्ल्या घेऊन स्कूटरवर सुसाट दलालाकडे गेला. चौकात सिग्नल हिरवा होता आणि थोरल्याने कोणालाच काही विचारलं नाही. आत्याने केबिनमध्ये खोडरबराने पेन्सिलचा 'नंतर' पुसला आणि शाईने पत्ता लिहिला. ट्रक हलत होता, तरी अक्षर ठसठशीत आलं.

कालव्यावर संध्याकाळ उतरली होती. किराणावाली दुकानातला दिवा लावत होती. फळी पडली. थोरल्याने खुर्ची उतरवली आणि सकाळपासून तिसऱ्यांदा... नाही, चौथ्यांदा ती फुटपाथवर ठेवली.

"तिथे नको," आत्या म्हणाली. "जरा डावीकडे घे."

थोरल्याने पाठीला हात लावून तिच्याकडे पाहिलं. "का गं?"

"दुपारी ऊन तिकडून येतं."